शँक्सचा हात, इरुकाची पाठ

रविवार, रात्री उशिरा

आज 'वन पीस'चा चौथा भाग आणि 'नारुतो'चा पहिला भाग, अशा दोन जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) मालिकांचे भाग लागोपाठ बघितले. दोन्ही आधी पाहिलेले, पण असे एकामागोमाग कधीच नाही. डोक्यात जे घोळतंय ते लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

'वन पीस'चा नायक लुफी आणि नारुतोची तुलना निघाली की तेच ते मुद्दे येतात. दोघांचं अचाट खाणं. एकाला चाच्यांचा राजा व्हायचंय, दुसऱ्याला होकागे (निंजांच्या गावाचा प्रमुख), आणि दोघेही ते येईल त्याला ओरडून सांगतात. दोघांचेही वडील कोण, हे आपल्याला फार उशिरा कळतं. सगळं खरंच आहे. पण आज मला त्याच्याही मुळाशी असलेलं काही दिसलं. दोन्ही पोरांची वाट सुरू होते ती एका मोठ्या माणसाने त्यांच्यासाठी अंगावर घेतलेल्या घावापासून. समुद्रातल्या राक्षसापासून लुफीला वाचवताना शँक्स या चाच्याचा डावा हात जातो. नारुतोवर मिझुकीने फेकलेला भलामोठा शुरिकेन (धारदार चक्र) त्याचा शिक्षक इरुका पाठीवर झेलतो. मग एकाच्या डोक्यावर गवती टोपी येते, दुसऱ्याच्या कपाळावर निंजाची पट्टी.

मला इरुकाची पाठ जास्त मोठी वाटते. शँक्सचा लुफीवर आधीपासून जीव होता. इरुकाचे आईवडील मात्र नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याच्या हल्ल्यात गेले, आणि तोच कोल्हा या पोराच्या पोटात कोंडलेला! अख्खं गाव नारुतोला पाहून तोंड फिरवतं. इरुकानेही फिरवलं असतं तर त्याला कोण बोललं असतं? तरी तो मधे पडला. आणि रडत काय सांगतो, तर मीही एकटाच वाढलो, कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून मीही वर्गात असाच धिंगाणा घालायचो.

'वन पीस'चा लेखक ओदाने हा घाव पुन्हा पुन्हा दाखवलाय. चाचा झेफ आणि लहानगा सांजी एका उघड्या खडकावर उपाशी अडकतात, तेव्हा झेफ सगळं अन्न सांजीला देतो. स्वतःकडची मोठी पिशवी निव्वळ सोन्यानाण्याने भरलेली. मांगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, तो स्वतःचाच पाय खाऊन जगतो. अ‍ॅनिमेत हे बदललं, तिथे बुडणाऱ्या सांजीला सोडवताना पाय जातो. मला मांगातलंच खरं वाटतं. ती पिशवी सांजी फाडतो आणि आतून अन्नाऐवजी नाणी सांडतात, ते पान वाचताना आजही घसा दाटून येतो.

'नारुतो'चा लेखक किशिमोतोने उलट बाजूही दाखवली: मधे कुणीच आलं नाही तर? तो गारा, दुसऱ्या गावातला मुलगा. त्याच्याही पोटात राक्षस, त्यालाही गाव घाबरतं. ज्या एका माणसावर त्याचा विश्वास होता तो याशामारू मामाच, बापाच्या हुकमावरून, त्याला मारायला येतो. म्हणून नारुतो आणि गाराची लढत मला या मालिकेतली सगळ्यात महत्त्वाची लढत वाटते. शेवटी अंगात त्राण उरलेलं नसताना नारुतो हनुवटीने जमीन रेटत गाराकडे सरकतो. तुझं दुःख मला कळतं, हेच त्याला सांगायचं असतं. इरुकाकडून मिळालेलं तो इथे पुढे देतो. लुफी आपल्या सोबतीण नामीच्या डोक्यावर आपली टोपी ठेवून चालू लागतो, तेही तेच.

दोन्ही मांगा 'शोनेन जंप' या एकाच साप्ताहिकात 1999 पासून 2014 पर्यंत शेजारी शेजारी छापून येत होत्या. 'नारुतो'च्या शेवटच्या प्रकरणात होकागेंच्या चेहऱ्यांच्या कड्यावर किशिमोतोने लुफीच्या गवती टोपीची खूण काढून ठेवलीय. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

'नारुतो'ची पुढची मालिका 'शिप्पुदेन'च्या 500व्या, शेवटच्या भागात नारुतो इरुकाला विनवतो की माझ्या लग्नात वडील म्हणून या. तिथे ते ऋण पोचलं. शँक्स मरीनफोर्ड या नौदलाच्या तळावर येऊन युद्ध थांबवतो, पण लुफीला भेटत नाही, कारण आत्ता भेटलो तर दिलेला शब्द मोडेल. टोपी परत द्यायची ती थोर चाचा झाल्यावरच. त्या भेटीसाठी ओदाने अजून कितीही वर्षं घेतली तरी मी थांबेन.