सातवी काडी

बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘गप्पी, माद्या, २३’. मी फक्त खात्री करून नोंद करायची होती. तासाभराचं काम. त्यात तीन दिवस गेले.

मासा रंगावरून ओळखतात असं लोकांना वाटतं. आमच्यापर्यंत पोचेतो रंग उरलेलाच नसतो. आधी फॉर्मलिन, मग अल्कोहोल. काळा तेवढा टिकतो, बाकी सगळं मळकट पिवळं. मग पाहायचं ते पर कुठून सुरू होतो आणि त्यात काड्या, म्हणजे पर ताणून धरणारे बारीक काटे, किती. (बाटलीत वरून काढलेला फोटो पाठवून ‘हा कोणता मासा?’ विचारणाऱ्यांना हात जोडून विनंती: बाजूने काढा. वरून पाहिलं की सगळेच सारखे.)

हे गप्पी नव्हते. पाठीचा पर गुदपराच्या बराच मागून निघत होता, शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी होत्या. गप्पीच्या मादीचे पर सहसा कोरे असतात. म्हणजे गॅम्बुसिया, गप्पीसारखाच डासांच्या अळ्या खाणारा छोटा मासा. चिठ्ठी लिहिणाऱ्याने इवलासा जीव, फुगलेलं पोट आणि वर वळलेलं तोंड एवढंच पाहून मोकळं व्हायचं ठरवलेलं दिसतं. सगळ्या माद्याही नव्हत्या. एक नर होता, पण त्याच्याकडे नंतर येते.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण फॉर्मवर जातीचा रकाना असतो. ॲफिनिस की होलब्रूकी? १९८८ पर्यंत या दोघी ‘ॲफिनिस’ या एकाच जातीच्या उपजाती धरल्या जायच्या, त्यामुळे जुन्या कागदांवरच्या ‘ॲफिनिस’वर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. फरक पाठीच्या पराच्या काड्यांत आहे. एक पुस्तक म्हणतं ॲफिनिसला ६, होलब्रूकीला ७. दुसरं म्हणतं ७ आणि ८. दोन्ही बरोबर असू शकतात: शेवटची काडी मुळाशीच दुभंगते, ती कुणी एक धरतो, कुणी दोन.

मासा जेमतेम तीन सेंटीमीटर. ओल्या मेणावर आडवा ठेवायचा, खालून प्रकाश द्यायचा, सुईने पर उलगडायचा आणि श्वास रोखून मोजायचं. पहिली काडी आखूड, कातडीत दडलेली. ती सुटली की हिशेब चुकलाच. मी मोजल्या ७. शेजारच्या सहकाऱ्याने त्याच माशाच्या मोजल्या ८ आणि लगेच ‘होलब्रूकी’ जाहीर केलं. हा माणूस नेहमीच आधी निकाल देतो, मग मोजतो. पण मी तरी शेवटची एक धरली होती की दोन? मलाच आठवेना. पुन्हा मोजलं. आता ६ वाटल्या.

खरा निवाडा नराकडे असतो. त्याच्या गुदपराच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या काडीचा गोनोपोडियम, म्हणजे मीलनाचा अवयव, बनतो आणि होलब्रूकीत तिसऱ्या काडीवर बारीक दात असतात. आमचा एकुलता एक नर मिसरूड न फुटलेला निघाला. काड्या नुकत्या जाड होऊ लागलेल्या. दात नव्हते, पण ते यायचेच बाकी होते की मुळात येणारच नव्हते, हे त्या वयाच्या माशावरून कसं सांगणार?

मी लिहिलं: ‘गॅम्बुसिया, जात अनिश्चित’. सर म्हणाले, “मॅडम, असा पर्याय नाही फॉर्मवर. काहीतरी एक टाका ना.” मी टाकलं नाही. त्यांनी ‘ॲफिनिस’ टाकलं की नाही, हे मी विचारलेलं नाही.

मग जुनं रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात अकरा वेळा ‘ॲफिनिस’, एकदाही प्रश्नचिन्ह नाही. काल चार बरण्या खाली उतरवल्या. तिघींत नुसत्या माद्या. चौथीत दोन मोठे नर आहेत. मायक्रोस्कोपवरचं कापड अजून काढलेलं नाही.