राणा प्लाझा: तडे सगळ्यांनी बघितले होते

राणा प्लाझाबद्दल बोलायचं तर आधी २३ एप्रिल २०१३ बद्दल बोलायला पाहिजे. बिल्डिंग पडली २४ ला, पण बांगलादेशात ढाक्याजवळ सावरमधल्या त्या आठ मजली इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशीच सगळ्यांना दिसले होते, टीव्हीवाले येऊन शूटिंग करून गेले, एक इंजिनियर बघून धोका आहे म्हणून सांगून गेला. इमारतीत एका बँकेची शाखा होती, तिने आपल्या स्टाफला सांगितलं येऊ नका. खालची दुकानंही बंद राहिली. वरच्या पाच गारमेंट फॅक्टऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना आत घेतलं, आणि जे वाचले त्यांनी नंतर सांगितलं की आला नाहीत तर पगार मिळणार नाही अशी धमकी होती. सकाळी लाईट गेली, वरच्या मजल्यांवरचे मोठे जनरेटर सुरू झाले आणि नऊ वाजायच्या आत सगळी इमारत खाली. ११३४ माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी, त्यात बहुतेक तरुण बायका.

मला सगळ्यात जास्त हे खुपतं की त्याच इमारतीतला बँकेचा माणूस घरी थांबू शकला आणि शिलाई मशीनवरची मुलगी नाही थांबू शकली. तडे दोघांनीही बघितले होते. पण किमान पगार तेव्हा महिन्याला ३००० टका (टका म्हणजे बांगलादेशचं चलन), महिना संपत आलेला, आणि पाचपैकी एकाही फॅक्टरीत युनियन नाही. मग "आम्ही आत जाणार नाही" हे म्हणणार कोण आणि कोणाच्या जोरावर?

राजकारणाचं बघा. मालक सोहेल राणा तेव्हा सत्तेत असलेल्या अवामी लीगच्या युवक संघटनेचा स्थानिक पुढारी. परवानगीपेक्षा जास्त मजले चढवलेले आणि मूळ बांधकाम दुकानं-ऑफिसांसाठीचं, त्यावर हजारो माणसं आणि मशीनं. अशी इमारत कोणाच्या डोळ्यांदेखत उभी राहते हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी विरोधी पक्षाचा हरताळ होता, तर गृहमंत्र्यांनी काय सांगावं, की हरताळवाल्यांनी खांब हलवले त्यानेही इमारत पडली असेल! लोक अजून ढिगाऱ्याखाली जिवंत होते तेव्हा. आसपासची साधी माणसं हातांनी सळया-सिमेंट उपसत होती, फॅक्टरीतलेच कापडाचे तागे सोडून त्यावरून जखमींना खाली घसरवत होती, आणि मंत्री हे बोलत होते.

आणि हे एका माणसाचं नाही. देशाच्या निर्यातीत ८० टक्के वाटा कपड्यांचा, तेव्हा संसदेत गारमेंट मालक खासदार म्हणून बसलेले, आणि मालकांची संघटना बीजीएमईए, तिचं स्वतःचं ढाक्यातलं ऑफिसच तळ्याच्या जागेत बेकायदा बांधलेलं, ते पाडा म्हणून हायकोर्टाने २०११ मध्येच सांगितलं होतं आणि पाडायला सुरुवात झाली २०२० मध्ये. कायदा मोडणारे आणि कायदा करणारे एवढे जवळ असल्यावर तपासणीसाला तरी कोण विचारणार.

मग बदललं काय? इथे मला प्रामाणिकपणे म्हणावंसं वाटतं की बरंच बदललं, आणि ते बाहेरून आलं. मे २०१३ मध्ये परदेशी कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात अकॉर्ड नावाचा करार झाला, पुढे २०० च्या वर ब्रँड त्यात आले. त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की तो ऐच्छिक नव्हता, कायद्याने बंधनकारक होता. स्वतंत्र इंजिनियर तपासणार, रिपोर्ट जाहीर होणार, दुरुस्ती केली नाही तर त्या फॅक्टरीला ऑर्डर बंद, आणि धोक्याच्या ठिकाणी काम नाकारायचा हक्क कामगाराला. म्हणजे २३ तारखेला जे हवं होतं तेच, वर्षानुवर्षं माणसं मेल्यानंतर. राणा प्लाझाच्या पाचच महिने आधी ताझरीन फॅक्टरीच्या आगीत शंभरावर कामगार जळून मेले होते, तेव्हा हे झालं नव्हतं. पुढे दीडेक हजार फॅक्टऱ्यांत फायर डोअर बसले, स्प्रिंकलर लागले, खांब मजबूत केले गेले. अमेरिकेने जूनमध्ये व्यापार सवलत काढून घेतली, पण तयार कपडे त्या सवलतीत मुळात नव्हतेच, त्यामुळे दणका पैशाचा कमी आणि नाचक्कीचा जास्त. निर्यात तर पुढच्या वर्षीसुद्धा वाढलीच.

पण हे सगळं झालं ते निर्यातीच्या फॅक्टऱ्यांत. जुलै २०२१ मध्ये रूपगंजला ज्यूस-खाऊ बनवणाऱ्या हाशेम फूड्सच्या फॅक्टरीला आग लागली, जिन्याकडचं दार कुलूपबंद होतं, ५२ माणसं मेली, त्यात लहान मुलंसुद्धा. तिथला माल युरोपातल्या कुठल्या फॅशन ब्रँडच्या दुकानात जात नव्हता, त्यामुळे अकॉर्डचा इंजिनियर त्या दारापर्यंत कधी पोचलाच नाही. मला याचा राग येतो, कारण दार उघडं ठेवायला परदेशी गिऱ्हाईक कशाला लागावं? ते सरकारच्या कामगार खात्याचं काम आहे.

पगाराचंही तसंच. २०१३ च्या शेवटी किमान पगार ५३०० टका झाला, मग २०१८ ला ८०००. २०२३ मध्ये महागाईने जीव मेटाकुटीला आल्यावर कामगारांनी २३,००० मागितले, मिळाले १२,५०० आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले. इमारत पक्की करायला ब्रँड तयार झाले, पण शर्टाचा भाव वाढवून द्यायची वेळ आली की सगळे गप्प. आपणही मॉलमध्ये 'मेड इन बांगलादेश'चा टीशर्ट उचलतो तेव्हा भावच बघतो ना.

राणा प्लाझाच्या भरपाईचा ३ कोटी डॉलरचा फंड पूर्ण भरायला जून २०१५ उजाडलं, तोपर्यंत हात-पाय गमावलेल्या पोरी उसनवारीवर जगत होत्या. सोहेल राणाला भारताच्या सीमेजवळ बेनापोलला चार दिवसांत पकडलं होतं. खुनाच्या खटल्यात आरोप निश्चित झाले २०१६ मध्ये आणि साक्षी सुरू झाल्या २०२२ मध्ये. मधल्या काळात त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, ती संपत्तीचा हिशोब दिला नाही म्हणून.