क्रीमऐवजी चक्का: हलकं चॉकलेट मूस

बडोद्यातल्या मराठी घरांत पाडव्याला आणि दसऱ्याला चक्का बांधला जातोच. तोच चक्का चॉकलेट मूसमध्ये क्रीमच्या जागी फार चांगला बसतो. क्रीमचा दाटपणा त्यातल्या फॅटमुळे असतो, चक्क्याचा मुख्यतः दुधातल्या केसीन या प्रथिनामुळे. चमच्यावर दोन्ही सारखेच उभे राहतात, पोटात जाणारा ऐवज मात्र अगदी वेगळा.

नेहमीच्या पद्धतीने सहा वाट्या मूस करायचं तर 200 ग्रॅम चॉकलेट, 300 मिली फेटायचं क्रीम, 30 ग्रॅम लोणी, दोन अंड्यांतला पिवळा बलक आणि 40 ग्रॅम साखर लागते. म्हणजे वाटीमागे साधारण 430 कॅलरी आणि 35 ग्रॅम फॅट. खाली दिलेल्या प्रमाणात वाटीमागे 215 च्या आसपास कॅलरी, 11-12 ग्रॅम फॅट आणि साडेसहा ग्रॅम प्रथिनं पडतात. त्या फॅटपैकी निम्मं चॉकलेटचंच आहे आणि तिथे काटकसर करू नये. चॉकलेट 80 ग्रॅमच्या खाली नेलं की मूस नीट थिजत नाही आणि चव कोको घातलेल्या श्रीखंडाची होते.

सहा वाट्यांसाठी: एक लिटर टोन्ड दुधाच्या दह्याचा चक्का (300 ते 350 ग्रॅम), 70 टक्के कोकोचं डार्क चॉकलेट 80 ग्रॅम, कोको पावडर 15 ग्रॅम म्हणजे दोन टेबलस्पून, दूध 75 मिली आणि शिवाय खजूर भिजवायला तीन टेबलस्पून, बिया काढलेला मऊ खजूर 80 ग्रॅम, पिठीसाखर 20 ग्रॅम, इन्स्टंट कॉफी अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. कॉफीची चव लागत नाही, पण तिच्यामुळे कोको खुलतो. जायफळ घालायचा मोह होईल. घालू नका, त्याने थेट श्रीखंडाची आठवण येते.

सगळ्यात जास्त लक्ष दह्याकडे द्यायचं. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर जाते, त्यामुळे थोडं आंबटलेलं दहीही खपून जातं. इथे ते झाकायला साखर नाही, आणि आंबटपणा व कोकोचा कडवटपणा एकत्र आले की दोन्ही बोचतात. दूध उकळी आल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ढवळत ठेवा, दही घट्ट लागतं. कोमट झालं की लिटरला एक चमचा विरजण. मे महिन्यात इथे पाच-सहा तासांत दही लागतं, जानेवारीत नऊ-दहा तास जातात. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, दोन तास. मग फडक्यात बांधायचं. थंडीत नळाला रात्रभर टांगलं तरी चालतं, उन्हाळ्यात मात्र तासभरच टांगून पुरचुंडी चाळणीत ठेवायची, खाली पातेलं, वर वाटीभर वजन, आणि आठ तास फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगलेला चक्का या पदार्थाच्या कामाचा राहत नाही.

दूध तीन टक्के फॅटचंच घ्या. सहा टक्क्यांच्या दुधाचा चक्का चविष्ट होतो, पण फॅट जवळजवळ सगळं चक्क्यातच उतरतं, म्हणजे लिटरमागे 30 ऐवजी 60 ग्रॅम. उलट टोकाला जाऊन डबल टोन्ड घेतलं तर चक्का कोरडा, खडूसारखा लागतो आणि कितीही घोटला तरी तसाच राहतो. डेअरीतून तयार चक्का आणायचा तर (शेजारच्या गुजराती घरांत त्यालाच मस्को म्हणतात) आधी चाखून बघा. जिभेच्या कडांना झोंबला तर परत ठेवा.

चक्का तयार झाला की नाही हे फडक्यावरून अंगठा दाबून कळतं. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला पाहिजे आणि कडेने थेंबही सुटता कामा नये. चमचाभर घेऊन चमचा उलटा धरला तर गोळा पडत नाही. ओला चक्का घेऊन पुढे सगळं बरोबर केलं तरी मूस वाटीत पसरतंच.

गोडीसाठी खजूर घेण्याचं कारण त्यातला चोथा आणि दाटपणा. गूळ आणि मध साखरेपेक्षा हलके हा समज सोडून द्या, कॅलरीत गूळ साखरेच्या जवळपासच आहे, आणि गरम दुधात पडला की दूध फाटण्याची भीती वेगळी. खजूर मऊ, काळसर, ओलसर हवा. जून-जुलैत बाजारात कच्छची ताजी पिवळी-लाल फळं येतात, गुजरातीत त्यांना खारेक म्हणतात. ती करकरीत आणि काहीशी तुरट असतात, आणि आपली मराठी खारीक म्हणजे वाळलेली, कडक. दोन्ही इथे नकोत. तीन टेबलस्पून गरम दुधात खजूर अर्धा तास भिजवून त्या दुधासकट वाटा आणि गाळून घ्या. पुरणयंत्राची बारीक जाळी यासाठी उत्तम. सालं राहिली की मुलायमपणा गेलाच.

चॉकलेट घेताना नाव नव्हे, घटकांची यादी वाचा. कोको मास आणि कोको बटर हवं. स्वस्त कुकिंग स्लॅबमध्ये कोको बटरच्या जागी पाम किंवा हायड्रोजिनेटेड वनस्पती तेल असतं आणि साखर सगळ्यात आधी लिहिलेली असते. ते वितळतं सहज, पण टाळूला मेणासारखं चिकटतं, आणि क्रीम सोडून तेच खायचं तर एवढा खटाटोप कशाला? कोको पावडर शक्यतो अल्कलाइज्ड घ्या. तिचा आंबटपणा कमी असतो, चक्क्याशी पटतं.

आता कृती. 75 मिली दुधात कोको, कॉफी, मीठ घालून गुठळ्या मोडा आणि ढवळत एक उकळी आणा. कच्च्या कोकोचा पिठूळपणा या उकळीनेच जातो. गॅस बंद करून बारीक चिरलेलं चॉकलेट त्यात टाका, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर गोल गोल ढवळत चकचकीत सॉस होऊ द्या. ते निवत असताना चक्का, पिठीसाखर आणि खजुराचा गर एकत्र घोटून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. चक्का अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढलेला असावा.

बहुतेकांचं मूस इथून पुढेच बिघडतं. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. फ्रिजमधल्या गार चक्क्यात चॉकलेट ओतलं की ते जागच्या जागी थिजतं, आणि मूसमध्ये रव्यासारखे काळे कण दिसू लागतात. ते फेटून जात नाहीत. म्हणून उलट करायचं: कोमट सॉसमध्ये (बोटाला जेमतेम ऊन लागेल इतपत) दोन मोठे चमचे चक्का घालून एकजीव करायचा, मग आणखी दोन, आणि असं पातळ-गार झालेलं मिश्रण उरलेल्या चक्क्यात कालवायचं. कण झालेच तर भांडं कोमट पाण्यात पाच मिनिटं धरून हळूहळू ढवळा, बरेचदा सुधारतं. पाणी कढत नको, चक्का फाटेल.

दुसरी चूक चॉकलेट नुसतं वितळवताना होते. वाफेचे दोन-चार थेंब पडले तर चॉकलेट एकाएकी घट्ट, खरखरीत गोळा होतं, कारण त्यातली साखर त्या थोड्याशा पाण्याने चिकट होऊन सगळं धरून ठेवते. उपाय विचित्र वाटतो, पण खात्रीचा आहे: आणखी पाणी. 60 ग्रॅम चॉकलेटमागे निदान एक टेबलस्पून गरम दूध एकदम घालून ढवळलं की ते पुन्हा सैल होतं. वरच्या कृतीत चॉकलेट थेट भरपूर गरम दुधात जातं, त्यामुळे हा प्रसंग येतच नाही.

तिसरी चूक साखर वाढवण्याची. साखर चक्क्यात विरघळते आणि चक्का सैल पडतो. श्रीखंडाला ते शोभतं, मूसला नाही. गोड कमी वाटलं तर एखादा खजूर वाढवा.

हे फ्रेंच मूससारखं फेसाळ होत नाही, दाट आणि मखमली होतं. हलकेपणा हवाच असेल तर फेटायचं खरं क्रीम 60 मिली घेऊन फेटून शेवटी अलगद मिसळा. त्याने वाटीमागे 35-एक कॅलरी वाढतात, चालण्यासारखं आहे. नेहमीचं 25 टक्के फॅटचं पाकिटातलं फ्रेश क्रीम फेटून फुगत नाही, त्याला निदान 30 टक्के फॅट लागतं. आणि केकवाल्यांचं तयार व्हिप टॉपिंग नको. त्यात वनस्पती तेल आणि साखरच असते.

वाट्यांत भरून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. फार गार असताना जिभेला गोडी कमी जाणवते आणि कोको बटरही ताठ असतं, त्यामुळे थेट फ्रिजमधून खाल्लेलं मूस फिकं वाटतं. मे महिन्यात मात्र पाच मिनिटं पुरेत. वर भाजलेल्या बदामाचे काप किंवा भरडलेले भाजके शेंगदाणे घाला, पण आयत्या वेळी, नाहीतर ते मऊ पडतात.

दुधातली सोडली तरी एका वाटीत सुमारे 16 ग्रॅम साखर आहे, खजुराची आणि चॉकलेटची धरून. श्रीखंडाच्या तेवढ्याच वाटीच्या मानाने ती जवळजवळ तिसरा हिस्सा आहे, तरी मधुमेह असणाऱ्यांनी याला बिनसाखरेचं समजू नये. त्यांना अर्धी वाटी वाढा.

फ्रिजमध्ये दोन दिवस उत्तम राहतं, तिसऱ्या दिवशी आंबटपणा वर यायला लागतो. चक्क्याखाली जमलेली अर्ध्या लिटरहून जास्त निवळी टाकू नका. थालीपिठाचं किंवा थेपल्याचं पीठ तिच्यात भिजवलं की पाणी लागत नाही आणि थेपले दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.