अंजनेरीची वाट आणि पायातले मोजे

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की अंजनेरीच्या डोंगरावर ट्रेकला जायचा फाटा येतो. गाडी लावली की आमची सगळ्यांना एकच विनंती असते, आधी बूट काढा. मोज्यात हात घालून बोटांवरची शिवण चाचपा. जाड गाठ लागली तर ती करंगळीला काचणार. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच बसली पाहिजे. 'फ्री साइज' मोज्याची टाच बहुधा घोट्याकडे सरकते, तळव्याखाली कापडाची घडी पडते आणि बूट तिथेच चावतो.

गावापासून घळीतल्या पायऱ्यांपर्यंत चाल सोपी आहे, पण पावसाळ्यात सरी अंगावर घेतच जावं लागतं. सुती मोजे इथेच दगा देतात. सूत पाणी धरून ठेवतं, तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ होते. आता फोड येतो कसा, ते पाहा. पाऊल टाकताना आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी मात्र ओल्या मोज्याला चिकटून मागे राहते. ही ओढाताण हजारो पावलं चालली की कातडीचे आतले थर सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. म्हणून नुसता जाड मोजा घेऊन भागत नाही. बूट आधीच मापाला घट्ट असेल तर जाड मोज्याने बोटं आणखी आवळली जातात.

लेबल वाचून घ्या. मेरिनो लोकर निम्म्याच्या आसपास, बाकी नायलॉन आणि ताणासाठी थोडं इलॅस्टेन, हे मिश्रण आम्हाला सगळ्यात भरवशाचं वाटतं. लोकर म्हणजे गरम, हा समज मेरिनोच्या बारीक धाग्याला लागू नाही. ते महाग वाटत असेल तर नायलॉन-पॉलिएस्टरचा खेळाडूंचा मोजा चालेल. लवकर वाळतो, फक्त वास मारतो. ज्यांना हमखास फोड येतात त्यांनी आत एक पातळ, गुळगुळीत मोजा घालावा, म्हणजे घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर येत नाही. दोन सुती मोजे एकावर एक घालणं हा मात्र यावरचा उपाय नव्हे. नवे बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. आणि ट्रेकचे मोजे घालूनच माप बघावं.

पायऱ्या चढताना टाच बुटात वर-खाली होते, तिथे चुणचुण सुरू होते. ती जाणवल्याबरोबर थांबायचं, 'वर गेल्यावर बघू' म्हणायचं नाही. जागा कोरडी करून कागदी चिकटपट्टी लावायची, कोपरे गोल कापून, एकही सुरकुती न ठेवता.

पठारावर अंजनीमातेच्या देवळात बूट काढावेच लागतात. तेव्हा मोजेही काढा. ओल्या फरशीवर मोज्यांनी फिरलात तर पुढची वाट फचफच करत जायची. दहा मिनिटं पाय उघडे ठेवा, कोरडा जोड चढवा, ओला पिशवीला बांधा. पुढे हनुमानाच्या पावलाचं म्हणून दाखवतात ते तळं आहे. त्याचा आकार पावलासारखा आहे खरा, पण माप आपल्याला उपयोगी नाही!

उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी आवळून बांधा, नाहीतर पाय पुढे घसरून बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि नखं काळीनिळी होतात. नखं दोन दिवस आधीच कापलेली बरी.

दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं छळू लागतात. घोट्याखालचे मोजे तेव्हा बाद; पिंढरीपर्यंतचे, घट्ट विणीचे हवेत. कुसळाचे काटे उलटे असतात, बाहेरून ओढलं तर तुटतं. मोजा उलटा करायचा आणि टोकाकडून आतून ओढायचं.

घरी धुतानाही मोजे उलटेच धुवा, कपडे मऊ करणारं द्रव्य टाकू नका, सावलीत वाळवा. वाळल्यावर मोज्यात हात घालून टाच उजेडाकडे धरून पाहा. विणीतून आतलं बोट दिसलं तर तो जोड गाडी पुसायला.