मधला माणूस

लहान गावात वाढलेल्या माणसाला स्वतःची ओळख करून देता येत नाही. तशी वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते. तो कोण, कोणाचा, कितवीत नापास होता होता वाचला, हे समोरच्याला आधीच ठाऊक. मग मोठ्या शहरात नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी म्हणतं, ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’, आणि हा नाव सांगून गप्प. पुढचं काम आजवर गावच करत आलेलं!

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणे. हिशेबात हे बसत नाही. माणूस साधारण १५० जणांशीच खरे संबंध टिकवू शकतो, असं ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडलं. आकड्यावर वाद आहेत, ते असोत. पण २०,००० वस्तीचं गावही लहानच धरतात, आणि एवढे लोक कोण ओळखणार? खरी गंमत अशी की तिथे नाती एकमेकांत गुंतलेली असतात. गणिताच्या बाई शेजारच्याच काकू निघतात आणि त्यांचा भाऊ वडिलांचा वर्गमित्र. कोणाहीपर्यंत पोचायला मधे एकच माणूस लागतो. म्हणून तर शाळेतले उद्योग आपल्याआधी घरी पोचतात.

अशा ठिकाणी शाळेत एक, घरी दुसरा आणि मित्रांत तिसरा होण्याची सोय नसते. बघणारे तेच. लहान गावच्या माणसांच्या सरळपणाचं जे कौतुक होतं, त्यातला बराचसा सरळपणा नाइलाजाचा असावा, असा मला संशय आहे. खोटं बोलायचं तर साऱ्या गावाशी एकच खोटं बोलावं लागतं. एवढी मेहनत कोण घेणार?

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच लिहून ठेवलंय की महानगरातला माणूस वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यालाही चेहऱ्याने ओळखत नाही, आणि म्हणून लहान गावच्या लोकांना तो थंड, निर्दय वाटतो. झिमेल यांच्या मते हा अलिप्तपणा स्वसंरक्षणाचा आहे. भेटणाऱ्या प्रत्येकात मन गुंतवलं, तर शहरात माणूस टिकणारच नाही.

काहींना मात्र हीच अलिप्तता हवी असते. गावाकडे आपली जुनी आवृत्ती जपलेली असते, आणि ती बदलून मिळत नाही. ‘लहानपणी पाण्याला घाबरायचास’ इथपर्यंत ठीक. पण ज्याला गावाने ‘त्या दारुड्याचा पोरगा’ म्हणूनच लक्षात ठेवलं, त्याने गावावर प्रेम करावं असा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा? शहराने त्याला काही विचारलं नाही, हेच त्याला पुरलं.

तरी असा माणूसही परमुलखात गाववाला भेटला की लगेच चौकशीला लागतो. कुठल्या आळीतले? बँकेच्या मागे? मग तुम्ही अमक्यांना ओळखत असाल! पाच मिनिटांत मधला माणूस सापडतो, आणि पुढचा तासभर दोघं मिळून त्याची यथेच्छ निंदा करतात.