एक ठिपका कमी

एक अनोळखी आजी दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी हीट प्रेससमोर एक टी-शर्ट दोन्ही हातांनी ताणून बघत होतो आणि माझ्या पोटात खड्डा पडला होता. छातीवरच्या चित्राला भेगा गेल्या होत्या. मे महिन्यात आमच्या काळ्या मातीला जातात तशा.

संध्याकाळी ७ च्या ट्रॅव्हल्सनं ८० शर्ट पुण्याच्या एका दुकानाकडे निघायचे होते. ५४ छापून झाले होते. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, हरभऱ्याला पाणी देणं सुरू, आणि रब्बीचे पंप लागले की आमच्या गावात व्होल्टेज पडतं, प्रेस हवी तेवढी तापत नाही. प्लास्टिसोल, म्हणजे शर्टावर छापायची प्लास्टिकची शाई, वाळत नसते, ती शिजावी लागते. वरपासून खालपर्यंत पूर्ण थराला १६० अंशांच्या आसपास उष्णता मिळाली तरच ती पक्की होते. वरचा पापुद्रा त्याच्या कितीतरी आधी हाताला कोरडा लागतो आणि छापणारा फसतो. माझा भाचा सकाळपासून तसाच फसत होता आणि मी त्याच्यावर सोपवून शाई कालवत बसलो होतो. चूक माझीच.

आमचं गाव पाटणबोरीच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागून. आजोबांचा गुरांचा कोठा होता, त्यात आता चार हातांचं छपाईचं मशीन, प्रेस आणि स्क्रीन, म्हणजे छपाईच्या जाळीच्या चौकटी, धुवायची मोरी आहे. बाबा भिंती रंगवायचे. खतांच्या, बियाण्यांच्या, सिमेंटच्या जाहिराती. पांढरकवड्यापासून वणीपर्यंत कितीतरी भिंतींवर त्यांची अक्षरं मी ओळखायचो. ‘क’ची शेपटी ते थोडी लांबवायचे. सही करायला कंपनीची परवानगी नसे, म्हणून ती शेपटी.

नागपूरला चित्रकला शिकलो, मग चार वर्षं एका टॅटू स्टुडिओत काम केलं. तिथं एक दिवस नर्सिंगला असलेली मुलगी आली, आमच्याच भागातली, गोंडाची. हनुवटीवर तीन ठिपके होते, लहानपणी आजीनं गोंदवून घेतलेले. हॉस्टेलमधल्या मुली हसतात, म्हणून लेझरनं काढता येतील का, असं विचारत होती. त्याच टेबलावर तासाभरापूर्वी एका मुलानं परदेशी जमातीचे ठिपके असलेलं डिझाइन ६,००० रुपये देऊन गोंदवून घेतलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. गावी परत येऊन गोंदणाचे शर्ट काढायचं तेव्हाच ठरलं.

कीथ हॅरिंगचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटवलेला असे, त्यावर हा माणूस खडूनं चित्रं काढायचा. पुढे १९८६ साली त्यानं स्वतःचं दुकान काढलं, कारण गॅलरीत पाय ठेवायची ज्याची ऐपत नाही त्यालाही शर्टावर, बिल्ल्यावर ते चित्र घेता यावं. फळ्यावर खडूनं काढल्यासारख्या त्या रेषा पाहिल्या की मला आमच्याकडच्या पोळ्याच्या बैलांवरचे ठसे आठवतात. पैसा नसलेल्याच्या हातात चित्र जावं, हे मला फार मोलाचं वाटतं, अजूनही.

तर आजी. सत्तरीच्या पुढची, लुगडं नेसलेली, कोपरापर्यंत दोन्ही हात गोंदलेले. सोबत बारावीतला नातू, अंगात आमचाच शर्ट, नजर जमिनीकडे. गावाच्या बाजारात तिनं त्याच्या अंगावर तो पाहिला आणि कुठून आणला म्हणून थेट इथंच घेऊन यायला लावलं.

“हे कोनं काढलं?” तिनं नातवाच्या छातीवर बोट ठेवलं.

“मीच, आजी. बसा न.”

ती बसली नाही. “तू नाई काढलं, बाबू. हे म्या काढलं हाय.”

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगू लागली. लग्नाआधीपासून ती गोंदायची. या पट्ट्यातल्या कितीतरी पोरींचे हात, पाय, कपाळं तिनं गोंदली होती. चार सुया दोऱ्यानं बांधायच्या, दिव्याची काजळी धरायची. पोरगी रडली तर गाणं म्हणायचं, गोंदून झालं की हळद-तेल लावायचं. मजुरी ज्वारीची. हातभर काम असलं तर पायलीभर.

ते चित्र मी एका बाईच्या हातावरून घेतलं होतं. केळापूरला जगदंबेच्या नवरात्रात दर्शनाच्या रांगेत भेटलेली बाई. फोटो काढू का, असं मी विचारलं होतं. शर्टावर छापू का, हे विचारलं नव्हतं. ते तेव्हा सुचलंच नाही, एवढंच खरं सांगता येईल. फोटो संगणकावर घेतला, रेषा गिरवल्या, डावी बाजू उजवीशी जुळवली.

“पन एक ठिपका कोनं खाल्ला?” आजी म्हणाली.

मी भाच्याला मूळ फोटो उघडायला सांगितला. मनगटाच्या बाजूला, शेवटच्या ओळीच्या बाहेर, एक एकटा ठिपका होता. सगळ्या मांडणीपासून बोटभर लांब. मी तो पुसला होता. सुई घसरली असेल, असं मला वाटलं होतं.

“तो काहून असते, आजी?”

“आती ठेवे. तिनंच मले शिकवलं. मंग मीबी ठेवो.” आती म्हणजे तिची आत्या.

“म्हणजे तुमची सही?”

“सही कायची? मले लिवता येते का?” ती थोडी चिडली. मग नातवाचा हात बाजूला सारून तिनं शर्टावर रिकामी जागा दाखवली. “अठी पायजे. नाईतं थे उघडं दिसते.”

मी स्टुलावर बसलो. रस्त्यावरच्या चित्रकलेचा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे. न्यूयॉर्कमधला टाकी १८३ नावाचा पोरगा, निरोप्याचं काम करताना जाईल तिथं आपलं नाव आणि आपल्या गल्लीचा आकडा लिहायचा. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर बातमी छापली आणि शहरभर पोरं आपापली नावं लिहीत सुटली. चित्रं नंतर आली, आधी नाव आलं. दुसऱ्याच्या नावावर रंग मारणं हा त्या दुनियेतला सर्वांत मोठा अपमान. भाच्याला मी हे कितीदा सांगितलं असेल. बाबांच्या ‘क’च्या शेपटीबद्दल तर गर्वानं सांगायचो. आणि आजीच्या आतीचा ठिपका मी डाग समजून पुसून टाकला होता.

एका वकील मित्राला मी सुरुवातीलाच विचारलं होतं, की ही चित्रं वापरली तर काही अडचण? तो म्हणाला, परंपरेतलं आहे, कुणाचं नाही, बिनधास्त छाप. मला ते सोयीचं होतं म्हणून मी तिथंच थांबलो. आता ती ‘परंपरा’ पायात प्लास्टिकची चप्पल घालून माझ्या कोठ्यात उभी होती. डॉन एड हार्डी नावाचा अमेरिकन गोंदणारा १९७३ साली जपानला जाऊन तिथल्या गुरूकडे शिकला, आणि २००४ नंतर त्याची वाघ-कवट्यांची चित्रं शर्टांवर जगभर गेली. त्या शर्टांचा भपका मला कधी आवडला नाही. पण त्या भपक्यातसुद्धा नाव त्याचंच होतं, मोठ्या अक्षरात.

मी चुकलो म्हणालो. आजीला त्यात फारसा रस दिसला नाही. तिनं टेबलावरचा छापलेला शर्ट उचलला आणि अंगठ्याच्या नखानं चित्राचा कोपरा खरडला. कच्ची शाई कांद्याच्या सालीसारखी निघाली.

“हे वरतं हाय,” ती म्हणाली. “आत नाई गेलं.”

या धंद्यातलं याहून अचूक वाक्य मी ऐकलेलं नाही. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थरात ठेवली तर महिनाभरात झडून जाते, खालच्या थरात पोचली तरच जन्मभर टिकते. प्लास्टिसोल कितीही नीट शिजवली तरी सुताच्या वरच बसते. पाण्यावर चालणारी पिग्मेंट शाई मात्र धाग्यात मुरते, हाताला वेगळी लागतसुद्धा नाही. मग आम्ही ती का वापरत नव्हतो? कारण विदर्भाचा उन्हाळा. ४५ अंशांत पाचव्या शर्टाला शाई वाळून जाळी बुजते, स्क्रीन धुवा, परत लावा, परत बुजते. प्लास्टिसोल जाळीत रात्रभर राहिली तरी वाळत नाही, म्हणून आळसानं बाराही महिने तीच. हे मी आजीला सांगत बसलो नाही. तिला कारणं नको होती.

“आतालोक किती इकले?” तिनं विचारलं.

भाच्यानं वही काढली. त्या चित्राचे ३१२ शर्ट गेले होते. किंमत ६९९. तिरुपूरहून येणारा कोरा शर्ट, शाई, वीज, कुरिअर, दुकानाचा वाटा, सगळं जाऊन हातात काय राहतं ते मी तिला वहीतच दाखवलं. आकडे तिला माझ्यापेक्षा लवकर कळत होते. कापूस विकताना काट्यावर उभं राहून आयुष्य गेलेलं. मी शर्टामागे ३० रुपये म्हणालो, मागच्या ३१२ चेसुद्धा. म्हणजे ९,३६०. एकदम देणं जमणार नव्हतं, तीन हप्त्यांत देतो म्हणालो. तिनं नातवाकडे पाहिलं, त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, “ज्या बाईचा फोटो घेतला, तिले काई देल्लं का?”

नाही दिलं.

“तिनं दुखनं सोसलं न बाबू, म्या तं सुई मारली फक्त.”

फोटो बघून तिनं त्या बाईचं माहेर आणि पाड्याचं नाव सांगितलं. ३० पैकी १० तिचे, असं आजीनंच ठरवलं. गोंदणाचा वाटा गोंदणारी आणि गोंदवून घेणारी यांच्यात असा वाटायचा असतो, हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

कागदावर लिहून तिचा अंगठा घेतला, माझी सही केली. टॅगवर तिचं नाव टाकतो म्हणालो तर तिनं हात हलवून नको म्हटलं. “माह्यं नोको. आतीचं टाक.” आतीचं नाव तिनं दोनदा नीट म्हणून दाखवलं, मी चुकीचं लिहू नये म्हणून. ते आता शर्टाच्या मानेच्या टॅगवर आहे.

पुण्याला फोन करून शर्ट एक दिवस उशिरा निघतील असं सांगितलं. दुकानदार भला माणूस, कुरकुरला पण थांबला. मंडपवाल्याचं जनरेटर मागवलं. तुळशीचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे ते रिकामंच होतं. ५४ शर्ट परत प्रेसखाली घातले. कच्ची राहिलेली प्लास्टिसोल दुसऱ्यांदा पूर्ण उष्णता दिली की पक्की होते, नशीब. प्रत्येक शर्ट ताणून, नख मारून बघितला. त्यातले नऊ फेकले.

ठिपक्यासाठी नवी स्क्रीन करायला वेळ नव्हता. आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला आणि फायलीच्या कागदाला भोक पाडायच्या पंचानं त्यात एक भोक पाडलं. स्पंजला पिग्मेंट शाई. काळ्यात थोडा बाटलीहिरवा मी नेहमीच मिसळतो, कारण काजळी काळी असली तरी कातडीखालून ती हिरवट-निळी दिसते. पहिल्या शर्टावर मी मोजपट्टीनं जागा आखली. आजीनं पट्टी बाजूला केली आणि एक्स-रे स्वतः धरला. दुसऱ्या शर्टावर जागा थोडी सरकली, तिसऱ्यावर आणखी.

“आजी, एकाच जागी नको?”

“सगळ्याइचे हात एकसारखे असतेत का?”

दहाएक शर्ट तिनं केले, मग डोळे दुखतात म्हणून नातवाला बसवलं आणि स्वतः बाजूला खाटेवर बसून बघत राहिली. नातू सुरुवातीला लाजत होता. विसाव्या शर्टापर्यंत त्याचा हात बसला. तो चुकला की ती फक्त “ऊं” म्हणायची. शेवटची ट्रॅव्हल्स निघून गेल्यावर बाहेर महामार्गावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, जिनिंगकडे जाणाऱ्या. हा कापूस इथून निघतो आणि सूत होऊन, शर्ट होऊन तिरुपूरहून माझ्याकडे कोरा परत येतो. त्या रात्री मला वाटलं, निदान ठिपका तरी इथंच लागला.

नव्या स्क्रीन आता पिग्मेंट शाईच्या आहेत. छपाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि उन्हाळ्यात फक्त पहाटे. ठिपका अजूनही हातानंच लागतो. नातू सुटीच्या दिवशी येतो, त्याची मजुरी वेगळी.

महिन्याभरानं पुण्याहून एक शर्ट परत आला. चिठ्ठीवर कारण लिहिलं होतं: ‘प्रिंटच्या बाहेर शाईचा डाग.’ मी तो घेऊन आजीकडे गेलो, ती अंगणात तूर झोडपत होती. चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं काठी ठेवली, पदराला हात पुसले, शर्ट मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं नख ठिपक्यावर दोन-तीनदा जोरात ओढलं.

“निंगत नाई,” ती म्हणाली, आणि शर्ट घडी करून स्वतःजवळ ठेवून घेतला.