नाही हो, त्याची दाढ सुजलेली नाहीये

"तुमच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या माशाची दाढ सुजलीय का हो?" समोरच्या काकूंनी विचारलं. त्यांच्याआधी पाण्याचे जार आणणाऱ्या मुलाने विचारलेलं आणि परवा मेव्हण्याने व्हिडिओ कॉलवर. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट सांगूनच टाकतो, दाढबीढ काही नाही, त्याच्या तोंडात पोरं आहेत.

हा बंगाई कार्डिनल, माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला समुद्री मासा. फार तर ८ सेंटीमीटर, रुपेरी अंग, त्यावर तीन उभे काळे पट्टे, पहिला थेट डोळ्यावरून गेलेला, आणि काळ्या परांवर कोणीतरी खडूने दिल्यासारखे पांढरे ठिपके. मादी अंडी देते आणि मोकळी होते. नर ती तोंडात घेतो, साधारण वीस दिवस उबवतो, आणि फुटल्यावरही पिल्लांना अजून दहाएक दिवस तोंडातच ठेवतो. एवढा सगळा वेळ उपाशी. मी फ्रोझन ब्राइन श्रिम्प (गोठवलेल्या बारीक कोळंब्या) टाकतो, मादी तुटून पडते, हा जवळ येतो, बघतो आणि मागे वळतो. बारकाईने बघितलंत तर हनुवटीच्या पातळ कातडीतून बारीक बारीक डोळे दिसतात, काकूंना टॉर्च मारून दाखवले तर त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत (हे रेकॉर्डच).

आता यातच त्याची गोची आहे. रीफवरच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांतल्या बहुतेक माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत लांब लांब जातात, एक जागा ओसाड पडली तर दुसरीकडून पिल्लं येऊन ती भरते. याची पिल्लं बापाच्या तोंडातून बाहेर पडतात ती तिथेच, शेजारच्या अर्चिनच्या (काटेरी चेंडूसारखा समुद्री प्राणी) काट्यांत घुसतात. त्यामुळे हा मासा मुळात फक्त इंडोनेशियात, सुलावेसीच्या पूर्वेला बंगाई बेटांच्या आसपासच सापडतो, आणि दोनेक किलोमीटरवरच्या दोन वस्त्यासुद्धा जनुकांनी वेगळ्या निघाल्यात. म्हणजे एका खाडीतले सगळे उचलले की ती खाडी रिकामी, कोण येणार भरायला?

आणि उचललेच. वॉल्टर काउडर्न नावाच्या स्वीडिश माणसाने १९२० मध्ये नमुने गोळा केले, १९३३ मध्ये त्याच्याच आडनावावरून शास्त्रीय नाव पडलं, मग साठेक वर्षं कोणी विचारलं नाही. नव्वदीत परत दिसला, फोटो छापून आले, आणि काही वर्षांतच दर साल लाखांनी मासे पकडून अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडे जायला लागले. गुडघाभर, कमरेभर पाण्यात घोळक्याने राहणारा मासा, जाळं घेऊन चालत गेलं तरी मिळतो. २००७ पासून आययूसीएन या निसर्ग वाचवणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून आहे.

त्या लाखांत माझेही चार आहेत, ते लपवत नाही. पहिली खेप घेतली तेव्हा दुकानदार "ओरिजिनल समुद्राचा माल" असं कौतुकाने म्हणाला, मलाही भारी वाटलं. बारा दिवसांत चारही गेले. मी सॉल्ट मिक्सला (टँकचं पाणी खारं करायचं मीठ), लाइट जाण्याला, सगळ्याला दोष देऊन झाला, कुठून आणि कसे आले असतील हे डोक्यात आलंच नाही. आत्ताची जोडी टँकमध्ये जन्मलेली आहे. हा मासा घरात सहज वाढतो, त्यामुळे समुद्रातला आणायची गरजच नाही, घेणार असाल तर आधी तेवढं विचारा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि हो, टँकच्या कोपऱ्यात स्पंजच्या गोळ्यात खोचलेले काळे केबल टाय दिसतात ना, तो कचरा नाही, ते खोटं अर्चिन आहे. पिल्लं सुटली की त्यात लपतात, कारण महिनाभर उपाशी राहिलेला बापही नंतर त्यांना खाऊ शकतो. मागच्या वेळी सदतीस मोजली होती, सकाळी एकतीस.

आज सव्विसावा दिवस आहे. काकूंना सांगून ठेवलंय, रात्री बेल वाजवू नका.